फाटक्या पुस्तकांचा अभ्यास

मराठीत एम.ए. झालेल्या विद्यार्थिनीने संशोधनासाठी बालसाहित्य घेते म्हटले, की ‘सोपा विषय घेतलास’ असे कुणीतरी म्हणतेच. मग प्रबंधही तसाच उतरतो. लेखकाचा परिचय, पुस्तकांची यादी, त्यांतले संस्कार, शेवटी निष्कर्ष. सगळे असते, फक्त मूल कुठेच नसते.

हा विषय किती कठीण आहे ते तारकर्लीसारख्या गावात चटकन कळते. एकीकडे समुद्र, दुसरीकडे कर्ली नदी. मुलांच्या घरात मालवणी, शाळेत पुस्तकातली मराठी आणि स्कुबासाठी येणाऱ्या पर्यटकांमुळे कानावर सतत हिंदी. याच सिंधुदुर्ग जिल्ह्याने मराठी बालकवितेला दोन मोठे कवी दिले. विंदा करंदीकर देवगड तालुक्यातल्या धालवलीचे, मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे. विंदांचे ‘राणीची बाग’ 1961 मध्ये आले, ‘एटू लोकांचा देश’ 1963 मध्ये. पुढे त्यांनी ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ही लिहिले.

या भुतावळीपाशी अभ्यासकाने थांबायला हवे. मुलांना घाबरवू नये, असे शहाणी माणसे सांगतात आणि पुस्तकांतून भीती वेचून काढतात. पण खाडीकाठच्या मुलाला भीती घरातूनच मिळते. पाण्यातला गिरा माणसाला ओढून नेतो. देवचार रात्री हातात काठी घेऊन गावाची राखण करत फिरतो. पहिल्याच्या धाकाने पोर तिन्हीसांजेला पाण्यात उतरत नाही, दुसऱ्याच्या भरवशावर अंधारात निर्धास्त झोपते. भीतीला अशी रीतसर जागा असलेल्या घरातल्या मुलासमोर विंदांची भुते गेली, की ते हसते कशाला आणि दचकते कुठे? ‘ता भूत खय रवता?’ असे वर्गात एखाद्याने विचारले, तर तो प्रश्न कवितेच्या समीक्षेतलाच आहे. तो टिपून घ्यायला संशोधकाने वर्गात मागच्या बाकावर बसले पाहिजे. ग्रंथालयात तो सापडणार नाही.

समीक्षक जॅकलीन रोझ यांनी 1984 मध्ये ‘पीटर पॅन’वरच्या पुस्तकात एक बोचरा मुद्दा मांडला. बालसाहित्य लिहितो मोठा माणूस, आणि त्यातले मूल हे त्याला हवे तसे घडवलेले असते. हा मुद्दा आपल्याकडे लावून पाहावा तो ‘श्यामची आई’ला. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. प्रकरणांना त्यांनी ‘रात्र’ म्हटले, म्हणजे पुस्तकाची बैठकच सांगण्या-ऐकण्याची. पण सांगणारा श्याम आता मोठा झालेला आहे, आणि पालगडच्या बालपणाकडे तो आई गेल्यानंतर वळून पाहतो आहे. पिढ्यान्‌पिढ्या हे पुस्तक आपण मुलांच्या हाती देत आलो. त्यावर रडतात मात्र मुलांपेक्षा जास्त त्यांचे आईबाप, असे मला वाटते. यात गुरुजींचा कमीपणा नाही. पुस्तक कुणाशी बोलते, हे त्याच्यावर छापलेल्या वयोगटावरून ठरत नाही, एवढेच यातून कळते.

चित्रांच्या पुस्तकाचा विचार करायचा, तर तारकर्लीहून फार लांब जायला नको. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. या कामासाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. कागदावरची चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली, त्यांची एक पोथी. सांगणारा एक चित्र उभे धरतो, रामायण-महाभारतातला तेवढा प्रसंग वाद्याच्या साथीने गातो-सांगतो आणि मग पान उलटतो. पुढच्या चित्रात काय आहे हे त्याला ठाऊक असते, समोरच्यांना नसते. चांगल्या चित्रपुस्तकाची सगळी कळ या पान उलटण्यात असते. स्वतःच लिहिणाऱ्या आणि स्वतःच चित्रे काढणाऱ्या माधुरी पुरंदरे यांची पुस्तके पोथीशेजारी ठेवून अभ्यासावीत. मराठीतले चित्रवाचन फक्त परदेशी पुस्तकांकडे पाहून शिकायची गरज उरणार नाही.

आता पुराव्याची अडचण. वासुदेव गोविंद आपटे यांनी 1906 मध्ये ‘आनंद’ मासिक काढले, ‘बालभारती’ने 1971 मध्ये ‘किशोर’ सुरू केले. ‘किशोर’चे जुने अंक आज संगणकावर फुकट वाचता येतात, हे मोठेच काम झाले आहे. पण मुलांचे आवडते पुस्तक फाटते. त्याच्या कडा कुरतडलेल्या असतात, राक्षसाला पेनाने मिशा काढलेल्या असतात, कोड्याचे उत्तर चौकटीत चुकीचे लिहून खोडलेले असते. असे पुस्तक ग्रंथालय बाद करते, घरातून ते रद्दीत जाते. कपाटात कोरी करकरीत उरतात ती बहुधा कुणी न उघडलेली. त्यांच्यावरून लिहिलेला इतिहास मुलांनी काय वाचले याचा नसतो, मोठ्यांनी काय विकत घेतले याचा असतो. त्या मिशा आणि ती खाडाखोड हीच मूल तिथे होते याची खूण आहे, आणि प्रबंधाच्या परिशिष्टात तिला जागा मिळायला हवी.

म्हणून मार्गदर्शकांना सांगणे आहे, की विद्यार्थ्याला लेखकांच्या यादीआधी एखाद्या गावातली चार घरे आणि एक शाळा नेमून द्या. आणि वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर मुलांची चिताडलेली मासिके सापडली तर रद्दीवाल्याला देऊ नका. मुलाचे नाव, गाव आणि साल पहिल्या पानावर लिहा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागात नेऊन द्या.