कानावर पडणे आणि कान देणे

सूरह बनी इस्राईलच्या ३६ व्या आयतीत अल्लाह तआलाने कान, डोळे आणि हृदय या तिघांचा नामनिर्देश करून सांगितले आहे की, यांतील प्रत्येकाविषयी विचारणा होणार आहे. तिघांत कानाचे नाव प्रथम आले आहे. डोळ्याला पापणी दिलेली आहे, जिभेपुढे दात आणि ओठ असा दुहेरी दरवाजा आहे. कानाला मात्र निर्मात्याने दार ठेवलेले नाही. माणूस झोपला तरी तो उघडाच असतो. मग जे न बोलावता आत शिरते त्याचाही जाब द्यावा लागेल काय? शंका जुनी आहे आणि फिकहच्या विद्वानांनी तिचे उत्तर देऊन ठेवले आहे. अरबीत दोन शब्द आहेत, समाअ आणि इस्तिमाअ. समाअ म्हणजे आवाज कानावर पडणे. इस्तिमाअ म्हणजे हेतुपूर्वक, कान देऊन ऐकणे. जे नुसते कानावर पडले त्याबद्दल माणूस दोषी धरला जात नाही. ज्याला त्याने आपणहून कान दिला त्याचा हिशेब मात्र त्याच्या नावे लिहिला जातो.

हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) एकदा वाटेने जात असता एका मेंढपाळाच्या पाव्याचा सूर त्यांच्या कानी आला. त्यांनी दोन्ही कानांत बोटे घातली, आपले वाहन रस्त्यावरून बाजूला वळवले आणि सोबतच्या नाफे यांना ते पुनःपुन्हा विचारत राहिले की, अजून ऐकू येते काय? आता येत नाही, असे कळल्यावरच त्यांनी बोटे काढली आणि सांगितले की, अल्लाहच्या प्रेषितांना (स.) मी असेच करताना पाहिले होते. ही रिवायत सुनन अबू दाऊदमध्ये आहे. खुद्द इमाम अबू दाऊद (रह.) यांनी तिच्यावर आक्षेप नोंदवला आहे, इतर काही मुहद्दिसांनी तिला ग्राह्य मानले आहे. विद्वानांनी तिच्यातील एक बारकावा टिपला आहे. इब्ने उमर (रजि.) यांनी नाफे यांना कान बंद करण्यास सांगितले नाही. इमाम इब्ने तैमिया (रह.) यांनी याचा उलगडा वरील भेदानेच केला आहे: नाफे यांच्या कानावर सूर पडत होता, ते त्याला कान देत नव्हते. मला मात्र या रिवायतीतील मेंढपाळ अधिक लक्षात राहतो. त्याला कोणी हाक मारून दटावले नाही, त्याचा पावा कोणी हिसकावून घेतला नाही. ज्यांना ऐकायचे नव्हते त्यांनी आपली वाट बदलली. याचा उपयोग पुढे घरातील मुलांविषयी बोलताना होईल.

आता आपल्या खिशातील मोबाइलकडे वळू. वरातीतील बँड, शेजारच्या घरातील टीव्ही, एस.टी. स्टँडवरील दुकानात लागलेले गाणे हे सर्व कानावर पडणारे आवाज आहेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातून न मागता येऊन पडणारी फाइलही, तिच्यावर बोट ठेवीपर्यंत, याच वर्गात मोडते. डाउनलोड करून घेतलेल्या गाण्याचे तसे नाही. कोणीतरी नाव टाकून ते शोधले, उतरवून घेतले, जागा अपुरी पडली तेव्हा दुसरे काही पुसून त्याला जागा करून दिली, इयरफोन कानात बसवले आणि मग ते सुरू केले. एका गाण्यासाठी इतक्या वेळा इरादा झाला. त्यात चुकून कानावर पडले असे म्हणण्यास तिळमात्र वाव उरत नाही. इब्ने उमर (रजि.) यांनी कानात बोटे घातली ती सूर बाहेर ठेवण्यासाठी, आपल्या तरुणांच्या कानांतील बोंडे सूर आत ठेवतात आणि अजान, दारावरची थाप, आईची हाक यांना बाहेर ठेवतात.

सूरह लुकमानच्या सहाव्या आयतीत अशा लोकांचा उल्लेख आहे, जे मनाला गुंगवणारी गोष्ट विकत घेतात, ज्यायोगे अल्लाहच्या मार्गापासून माणसे दूर जावीत. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी त्या गोष्टीचा अर्थ गाणे असा शपथपूर्वक सांगितल्याची रिवायत तफसीरच्या ग्रंथांत आहे. नज्र बिन हारिस हा मक्केचा सरदार इराणी राजांच्या कहाण्या आणून कुरआनच्या श्रोत्यांना आपल्याकडे खेचू पाहत असे, असेही भाष्यकारांनी नोंदवले आहे. येथे ‘विकत घेणे’ या क्रियापदावर क्षणभर थांबावे. आज गाण्याची फाइल बहुधा फुकट मिळते, म्हणून आपण काही विकत घेतले असे आपणास वाटतच नाही. परंतु किंमत चुकती केली जाते. ती फज्रच्या झोपेत, अभ्यासाच्या घटकेत आणि आईवडिलांशी व्हावयाच्या दोन बोलण्यांत चुकती होते.

संगीताच्या हुकुमाविषयी विद्वानांत एकमत आहे काय, असे तरुण विचारतात आणि त्यांना सरळ उत्तर मिळाले पाहिजे. चारही फिकही संप्रदायांतील बहुसंख्य विद्वानांनी तंतुवाद्ये व सुषिरवाद्ये यांना अवैध ठरवले आहे. ईद व विवाहप्रसंगी दफ वाजवण्यास सवलत आहे. सहीह बुखारीतील हदीसमध्ये समाजात पुढे असे लोक निपजतील की जे व्यभिचार, रेशीम, मद्य आणि वाद्ये वैध मानतील, अशी पूर्वसूचना आहे. अंदलूसचे इब्ने हज्म (रह.) यांनी मात्र या विषयावरील रिवायतींच्या प्रामाण्यावर आक्षेप घेतले. इमाम गज्जाली (रह.) यांनी ‘इह्या’मध्ये समा या विषयाला एक स्वतंत्र भाग दिला असून अटींसह अनुमतीची बाजू मांडली आहे. मतभेद आहे, तो लपवण्याचे कारण नाही. माझा स्वतःचा कल बहुसंख्यांच्या मताकडे आहे. पण अनुमतीच्या बाजूला जाऊ इच्छिणाऱ्याने गज्जालींना निदान पूर्ण वाचावे. अनुमती देऊन ते थांबले नाहीत. कोणत्या कारणांनी ऐकणे हराम ठरते ती त्यांनी मोजून दिली आहेत: गाणारी व्यक्ती, वाद्य, काव्याचा आशय, ऐकणाऱ्याच्या मनाची अवस्था, विशेषतः वासनेच्या प्रभावाखालील तारुण्य, आणि शेवटी सवय. ज्याला त्यात ईश्वरप्रेमही नाही आणि वासनाही नाही, केवळ विरंगुळा आहे, अशा सामान्य माणसानेदेखील त्याचाच छंद घेऊन आपला बहुतेक वेळ त्यात घालवला, तर तो निर्बुद्ध होय आणि त्याची साक्ष ग्राह्य धरू नये, इथपर्यंत ते गेले आहेत.

हा पाचवा मुद्दा जणू आपल्याच काळासाठी लिहिला गेला आहे. गज्जालींच्या काळी गाणे ऐकायचे तर गाणारा समोर हवा होता, आणि तो थकत असे. कॅसेट आली तेव्हा तीही अर्ध्या-पाऊण तासाने संपे. उठून बाजू बदलावी लागे, आणि त्या उठण्यात माणसाला नमाजची वेळ आठवण्याची संधी होती. मोबाइलने ही संधी काढून घेतली. साधारण प्रतीच्या ध्वनिमुद्रणाला मिनिटास सुमारे एक एमबी जागा लागते. म्हणजे ३२ जीबीच्या चिमुकल्या कार्डात पाचशे तासांहून अधिक ऐकणे मावते. एक गाणे संपते तोच दुसरे आपोआप सुरू होते. थांबण्याचा निर्णय जो पूर्वी वस्तू घेत होती तो आता सर्वस्वी ऐकणाऱ्यावर येऊन पडला आहे.

घरात हा प्रश्न येतो तेव्हा तो बहुधा भांडणाच्या रूपाने येतो. वडील मुलाचा मोबाइल भिंतीवर आपटतात. मुलीच्या फाइली तिच्या नकळत पुसल्या जातात. परिणाम एवढाच होतो की दुसऱ्या महिन्यात त्याच फाइली संकेतशब्दामागे जातात आणि घरात एक कुलूप वाढते. या प्रसंगी प्रेषितांच्या (स.) घरातील एक घटना पाहावी, ती बुखारी आणि मुस्लिम दोहोंत आहे. ईदच्या दिवशी हजरत आएशा (रजि.) यांच्याजवळ अन्सारच्या दोन मुली बुआसच्या युद्धातील गाणी गात होत्या. प्रेषित (स.) आडवे होऊन तोंड दुसरीकडे करून पहुडले होते. हजरत अबू बक्र (रजि.) आले आणि मुलीला रागावले की, अल्लाहच्या प्रेषितांच्या घरात हे शैतानाचे सूर? प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले की, राहू द्या, प्रत्येक समाजाचा सण असतो आणि हा आपला सण आहे. थोड्या वेळाने वडिलांचे लक्ष दुसरीकडे गेले तेव्हा आएशा (रजि.) यांनी डोळ्याने खूण केली आणि त्या मुली निघून गेल्या.

या हदीसमधून आजच्या सिनेगीतांसाठी परवाना काढणारे लोक त्या मुली व्यावसायिक गायिका नव्हत्या, हे त्याच हदीसमध्ये सांगितलेले शब्द गाळतात. आणि तिच्याकडे मुळीच न पाहणारे लोक प्रेषितांची (स.) वृत्ती गाळतात. त्यांनी स्वतः तोंड फिरवले होते, म्हणजे कान दिला नव्हता. तरीही सणाच्या दिवशी लहान मुलींचा आनंद त्यांनी मोडू दिला नाही. शेवटी तो प्रसंग संपवला तो आएशा (रजि.) यांनीच, कोणी न सांगता. आईवडिलांनी मुलामुलींशी बोलताना त्यांच्याकडून अशाच खुणेची अपेक्षा ठेवावी. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला यादी हातात देऊन असे म्हणता येते की, बाळा, यातील कोणती फाइल तू माझ्यासमोर, आजीसमोर लावशील? बाकीच्यांचे काय करायचे ते तूच ठरव. असे विचारणाऱ्या वडिलांचा स्वतःचा मोबाइलही दाखवण्याजोगा असला पाहिजे, हे ओघानेच आले.

दोन गोष्टी थोडक्यात. फुकट संकेतस्थळावरून चोरून घेतलेली फाइल गाण्याची असो की धार्मिक भाषणाची, तिच्यात दुसऱ्याचा हक्क अडकलेला आहे. जिद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ मध्ये कुवेत येथील अधिवेशनात लेखन, संशोधन व नवनिर्मितीचे हक्क शरीअतनुसार संरक्षित असल्याचा ठराव केला आहे. दुसरी गोष्ट पुढे पाठवण्याची. सहीह मुस्लिममधील हदीसचा आशय असा आहे की, जो वाईट प्रथा पाडतो त्याच्यावर तिच्यानुसार वागणाऱ्यांचाही भार येतो आणि त्यांचा भार काही कमी होत नाही. आपण चाळीस जणांच्या गटात टाकलेली फाइल आपण पुसली तरी त्यांच्यापाशी राहते. आपण कबरीत गेल्यावरही राहते.

बंधू-भगिनींनो, आतापर्यंतचे बोलणे गाण्यांविषयी झाले आणि आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलमध्ये, अलहम्दुलिल्लाह, गाणी नाहीतही. तेथे तिलावत आहे. शेख महमूद खलील अल-हुसरी (रह.) यांच्या आवाजातील संपूर्ण कुरआनचे ध्वनिमुद्रण १९६१ मध्ये इजिप्तमध्ये प्रसृत झाले. आज तेच, आणि इतर कितीतरी कारींचे, दापोलीच्या वाडीतही एका बोटाच्या अंतरावर आहे. वीस-तीस तासांत संपूर्ण कुरआन ऐकून होतो. ही मोठीच देणगी आहे. पण येथे आपल्याकडून उलटीच गोष्ट घडते. जे फार तर कानावर पडून जायला हवे होते त्याला समाजाने कान दिला. आणि ज्याला कान द्यायचा हुकूम झाला ते कानावर पडू लागले. सूरह आराफच्या २०४ व्या आयतीत कुरआन वाचला जात असता त्याला कान द्या आणि शांत राहा, असा आदेश आहे, आणि तेथे नेमका इस्तिमाअचाच शब्द आला आहे. पुष्कळ घरांत मात्र सकाळी सूरह यासीन लावलेली असते आणि तिच्यावरून फोडणी, डब्यांची घाई, गॅसच्या टाकीची चौकशी आणि जावेची तक्रार चाललेली असते. दुकानात गिऱ्हाइकाशी भावाची घासाघीस आणि मागे सूरह रहमान. काहींनी आयतीची रिंगटोन ठेवलेली असते. फोन उचलताच ती अर्ध्या शब्दावर, अर्थ तुटेल अशा जागी, तोडली जाते. काम करताना तिलावत ऐकणारी माउली खरोखर ऐकत असेल तर तिला पुण्य आहे, तिला कोणी अडवू नये. बोलायचे असेल तेव्हा आधी बंद करावे, इतकेच.

प्रेषितांनी (स.) एकदा इब्ने मसऊद (रजि.) यांना कुरआन वाचून दाखवण्यास सांगितले. ते चकित झाले की, ज्यांच्यावर तो अवतरला त्यांना मी वाचून दाखवू? प्रेषित (स.) म्हणाले की, दुसऱ्याकडून ऐकणे मला आवडते. सूरह निसाच्या ४१ व्या आयतीपर्यंत आल्यावर त्यांनी थांबण्यास सांगितले, इब्ने मसऊद (रजि.) यांनी पाहिले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. तिलावतीची फाइल सुरू करण्यापूर्वी ही बैठक नजरेसमोर आणावी. पाच मिनिटे असली तरी चालतील. एक रुकूअ, आणि त्याचा मराठी अनुवाद हाताशी.

रेल्वेच्या डब्यात किंवा एस.टी.त तिलावत स्पीकरवर लावणाऱ्यांसाठीही एक हदीस आहे, अबू दाऊदमधील. मशिदीत एतिकाफला बसले असता प्रेषितांनी (स.) लोकांना मोठ्याने कुरआन पठण करताना ऐकले, पडदा बाजूला केला आणि समजावले की, तुमच्यापैकी प्रत्येकजण आपल्या पालनकर्त्याशी बोलत आहे, तेव्हा एकमेकांना त्रास देऊ नका आणि पठणात एकमेकांवर आवाज चढवू नका. हे मशिदीत, कुरआनविषयी आणि नमाजी लोकांना सांगितले गेले. डब्यात तर कोणी आजारी असतो, कोणी रात्रपाळी करून परतत असतो, कोणी अन्य धर्माचा असतो. तेथे इयरफोनच योग्य.

एक प्रश्न महिलांकडून वारंवार येतो: फाइलमधून सजद्याची आयत ऐकू आली तर सजदा करावा लागेल काय? बहुतांश हनफी विद्वानांच्या मते ध्वनिमुद्रित आवाजाने सजदा वाजिब होत नाही, कारण तो प्रत्यक्ष पठण करणाऱ्याचा आवाज नसून त्याचा प्रतिध्वनी आहे. कोणी स्वेच्छेने केला तर हरकत नाही. थेट प्रक्षेपणाविषयी मते वेगवेगळी आहेत; शाफई संप्रदायाच्या कोकणी कुटुंबांनी त्याबाबत आपल्या मोहल्ल्याच्या आलिमांना विचारून घ्यावे.