मैदानाने काय शिल्लक ठेवलं

एखादा खेळाडू पुढे नामवंत डॉक्टर झाला की त्याच्यावर लिहिणाऱ्यांना एक तयार निष्कर्ष सापडतो: मैदानावर कमावलेली शिस्त आणि धीर दवाखान्यात कामी आला. टोरांटोच्या रॉन टेलर यांच्याबाबतीत तर हा निष्कर्ष सहज पटतो. बेसबॉलचे पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारे खेळाडू, असलेले टेलर 1961 मध्ये टोरांटो विद्यापीठातून इंजिनिअर झाले. 1962 मध्ये क्लीव्हलँड संघाकडून पहिल्याच सामन्यात त्यांनी 11 इनिंग्ज एकही रन दिला नाही. बाराव्या इनिंगमध्ये ग्रँड स्लॅम, म्हणजे एकाच फटक्यात चार रन देणारा टोला, बसला आणि सामना 4-0 ने गेला. 1964 मध्ये सेंट लुईसकडून आणि 1969 मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून त्यांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम स्पर्धा, जिंकली. 1972 मध्ये खेळ सोडला, 1977 मध्ये ते डॉक्टर झाले. 1979 पासून टोरांटो ब्लू जेज संघाचे डॉक्टर म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि माउंट सायनाय रुग्णालयात क्रीडावैद्यकाचं केंद्र चालवलं.

हे सगळं एका सरळ रेषेत मांडायचा मोह होतो. 1964 च्या वर्ल्ड सिरीजमधल्या चौथ्या सामन्यात टेलर यांनी शेवटच्या चार इनिंग्जमध्ये प्रतिस्पर्धी यँकीज संघाला एकही हिट मारू दिला नव्हता. असा माणूस रुग्णासमोर डगमगेल कसा?

पण ही रेष खोटी आहे. एका कामात कमावलेलं कौशल्य दुसऱ्या कामात आपोआप उतरत नाही, हे थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी 1901 मध्येच दाखवलं होतं. 1973 मध्ये चेस आणि सायमन या संशोधकांनी बुद्धिबळाच्या पटावर तेच पाहिलं. खऱ्या डावातली मांडणी क्षणभर बघून मातब्बर खेळाडू ती नवख्यांपेक्षा कितीतरी अचूक लावत. सोंगट्या वाटेल तशा मांडल्या की त्यांची स्मरणशक्ती नवख्यांच्या पातळीवर येई. धीराचंही असंच आहे. पिचरला चेंडू हातातून सुटताच अर्ध्या सेकंदात निकाल कळतो. डॉक्टरचं निदान बरोबर होतं का, हे कळायला कधी आठवडे लागतात, कधी ते कळतच नाही. पहिल्या अनिश्चिततेत मुरलेला माणूस दुसरीत टिकेल, याची हमी कुठून देणार? शिवाय मैदान डॉक्टर घडवत असतं, तर टेलर यांच्यासोबत त्याच दडपणाखाली खेळलेल्या पिचरांतून डॉक्टरांची रांग लागायला हवी होती.

काही जण म्हणतात, असे लोक जन्मजातच असामान्य असतात. हे उत्तर नाही, प्रश्न टाळणं आहे.

बेसबॉलने टेलर यांना काहीच दिलं नाही, असं मात्र नव्हे. खेळाडूंच्या गटाबरोबर ते व्हिएतनाममधल्या लष्करी रुग्णालयांत गेले, जखमी सैनिकांना भेटले, आणि डॉक्टर व्हायची इच्छा तिथे धरली. ती संधी खेळामुळेच आली. पस्तिशीच्या उंबरठ्यावर तरुण विद्यार्थ्यांबरोबर बाकावर बसायलाही जिद्द लागतेच. पण ती जिद्द इंजिनिअरिंग करतानाही दिसली होती. क्लीव्हलँडने त्यांना 1956 मध्ये करारबद्ध केलं होतं, आणि तरीही पदवी पूर्ण झाली, कारण शिक्षणासाठी वेळ राखला गेला. पुढे वैद्यकीय शाखेने त्यांच्याकडून आधी वर्षभर विज्ञानाचे विषय करून घेतले. वर्ल्ड सिरीजच्या विजेत्यांना मिळणाऱ्या दोन अंगठ्यांनी त्यात सवलत मिळवून दिली नाही. ते वर्ष त्यांना झेपलं, कारण अभ्यासाचा पाया खेळाने गिळलेला नव्हता.

म्हणून खेळाने काय दिलं, यापेक्षा खेळाने काय शिल्लक ठेवलं हे तपासायला हवं. ब्रिटिश धावपटू रॉजर बॅनिस्टर लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात शिकत असताना जेवणाच्या सुट्टीत सराव करत, आणि 6 मे 1954 रोजी चार मिनिटांच्या आत मैल धावले. पुढे ते मेंदूविकारतज्ज्ञ झाले. धावण्याने त्यांना मज्जासंस्था शिकवली नाही. धावणं सुट्टीत मावत होतं, एवढंच.

आजच्या अमेरिकी महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये अभ्यासाला अशी जागा उरते का? नियमाने हंगामात आठवड्याला 20 तासांची मर्यादा आहे, पण प्रवास आणि दुखापतीवरचे उपचार त्यात धरत नाहीत. 2025 पासून महाविद्यालयं खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागली आहेत. पैसे मिळणं न्याय्यच आहे. पण पैसे देणाऱ्या महाविद्यालयाचा प्रशिक्षक दुपारच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी पिचरला सरावातून सोडेल का, हा प्रश्न त्यामुळे जास्त टोकदार झाला. किती खेळाडूंनी सरावाच्या वेळेपायी प्रयोगशाळेचे विषय सोडले, याचे आकडे महाविद्यालयांनी दरवर्षी जाहीर करावेत. पदवी मिळवणाऱ्या खेळाडूंची टक्केवारी आजही अभिमानाने छापली जाते. कोणता विषय टाकून कोणता घेतला, हे तिच्यात दिसत नाही.