गळाची कडी आणि हिंसेचा भार

गळाने मासे धरण्याच्या सामानात दोरी, शिसे आणि गळ यांना एकमेकांशी जोडणारे काही बारीक भाग असतात: स्विव्हल, स्नॅप, क्लिप. स्विव्हलच्या दोन टोकांच्या कड्या स्वतंत्रपणे फिरतात, म्हणून पाण्यात गरगरणाऱ्या आमिषाचा पीळ तंगुसात चढत नाही. साधे स्विव्हल ताण वाढला की अडखळते. बॉल बेअरिंगचे ताणाखालीही फिरत राहते. स्नॅप सेफ्टी पिनेसारखा उघडतो आणि गाठ न सोडता आमिष बदलता येते. जोडाची ताकद दोरीपेक्षा जास्त हवी, पण आकार गरजेपुरताच. जड स्विव्हलने हलक्या आमिषाची चाल बिघडते.

इथपर्यंतचा प्रश्न कौशल्याचा आहे. दोरी तुटते तेव्हा तो नीतीचा होतो. दोरी सर्वांत कच्च्या जागी तुटते, आणि ती जागा कोणती हे सामान बांधणाऱ्यानेच आधी ठरवलेले असते. गळालगतचा तुकडा मुख्य दोरीपेक्षा कच्चा ठेवला, तर माशाच्या तोंडात गळ आणि थोडीशी दोरी राहते. मुख्य दोरीच तुटली आणि शिसे पक्के बसवलेले असेल, तर मासा ते वजन ओढत फिरतो. शिसे पाणवनस्पतींत किंवा बुडालेल्या फांदीत अडकले की जागीच जखडला जातो.

ब्रिटनमध्ये कार्प मासा पकडून परत पाण्यात सोडण्याची रीत आहे. तिथे या धोक्यावर उपाय म्हणून सुटणारी क्लिप वापरतात. क्लिपच्या दांडीत शिसे अडकवून त्यावर रबराची आखूड नळी सरकवतात. शिसे कशात अडकले की ओढीने नळी निघते, दांडी मोकळी होते आणि शिसे गळून पडते. मात्र नळी जोराने दाबून बसवली, तर हीच क्लिप शिसे सोडत नाही. माशाचे जगणे असे बोटाच्या एका दाबावर येऊन ठेपते.

मारण्याचा हेतू नसताना मासा असा अडकून मेला, तर त्या हिंसेचा भार कोणावर? भारतीय विचारात या प्रश्नाची तीन उत्तरे सापडतात.

बौद्ध मतात कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत आहे. मज्झिम निकायातील उपालिसुत्तात कायेचे कर्म जड की मनाचे, असा वाद येतो आणि बुद्ध मनाच्या कर्माला अधिक जड मानतात. या कसोटीवर अडकून मेलेल्या माशाचा वध हेतुपूर्वक ठरत नाही. पण गळ टोचणे हेतुपूर्वकच होते, तेव्हा सुटका अपुरीच राहते.

जैन मत प्रमादाकडे, म्हणजे बेफिकिरीकडे बोट दाखवते. तत्त्वार्थसूत्रातील हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आहे. कुंदकुंदाचार्यांच्या प्रवचनसारात तर जीव मरो वा जगो, बेसावध वागणाऱ्याला हिंसेचा दोष निश्चित लागतो, आणि काळजीपूर्वक वागणाऱ्याला केवळ घडलेल्या हिंसेने बंध होत नाही, असे सांगितले आहे. या दृष्टीने नळी न तपासणाऱ्याचा दोष मासा वाचला तरी उरतो. अर्थात मासेमारी ही जैनांच्या लेखी संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली, हिंसा आहे. कितीही चांगली क्लिप तिला शुद्ध करू शकत नाही.

तिसरे उत्तर महाभारताच्या वनपर्वातील व्याधाचे. मिथिलेत मांस विकणारा हा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला सांगतो की नांगराखाली जीव मरतात, चालताना पायाखाली मरतात. अहिंसेचे व्रत घेतलेल्या यतींच्या हातूनही हिंसा घडते, मात्र यत्नाने ती कमी होते. संपूर्ण अहिंसा अशक्य म्हणून सगळेच क्षम्य, असा निष्कर्ष तो काढत नाही. कमी-अधिक हा फरकही धर्माचाच विषय आहे, हे त्याच्या बोलण्याचे मर्म.

यावर आक्षेप असा की काळजी घेतल्याने हिंसा फक्त नीटनेटकी होते आणि करणाऱ्याचे मन निर्धास्त होते. आक्षेपात तथ्य आहे, आणि तो छंदाला अधिक लागू पडतो. खाडीवर घरच्या जेवणासाठी गरवणाऱ्याला पोटाची गरज सांगता येते. निव्वळ खेळासाठी मासा धरणाऱ्याला ती सांगता येत नाही. म्हणून त्याच्यावर यत्नाची जबाबदारी जास्त पडते.

पण काळजी निरर्थक आहे, असे मात्र यातून निघत नाही. ब्रिटनमधील नद्यांवर गळाची शिशाची बारीक वजने हंसांच्या पोटात जात आणि ते विषबाधेने मरत. हंस मारावा असे कोणाही मासेमाराच्या मनात नव्हते. 1987 मध्ये अशा वजनांवर बंदी आली आणि पुढे हंसांची संख्या सावरली. हेतू आधीही निर्दोष होता. बदलली ती केवळ वस्तूची निवड, आणि त्यानेच जीव वाचले.

तेव्हा गळ टाकण्याचा दोष कडीच्या निवडीने पुसला जात नाही. निष्काळजी निवडीने मात्र त्यात दुसऱ्या दोषाची भर पडते, आणि हा दुसरा दोष पूर्णपणे टाळता येण्याजोगा असतो. पहिल्या दोषाविषयी धर्ममते भिन्न आहेत. दुसरा टाळलाच पाहिजे, याबद्दल त्यांच्यात वाद होण्याचे कारण नाही.