न घडलेल्या अपघाताचा हिशेब

आमच्या शाळेत ओढ्यापलीकडची मुले येतात. एकदा अतिवृष्टीच्या धास्तीने मी सुट्टी दिली आणि दिवसभर लख्ख ऊन पडले! पालक विचारू लागले, "सर, पाऊस कुठे आहे?" तेव्हा मला आइसलँड आठवला.

एप्रिल २०१० मध्ये तेथील एका ज्वालामुखीची राख युरोपवर पसरली. जवळजवळ आठवडाभरात एक लाखाच्या आसपास उड्डाणे रद्द झाली. कित्येक ठिकाणी आभाळ निळेच होते. विमान कंपन्या चिडून विचारीत होत्या, धोका आहे कुठे?

धोका जगाने १९८२ साली पाहिला होता. जावा बेटावरील गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची चारही इंजिने बंद पडली. कोरडी राख रडारवर दिसली नव्हती. इंजिनाच्या उष्णतेने ती वितळली आणि आतच चिकटली. विमान राखेखाली उतरल्यावर इंजिने पुन्हा सुरू झाली, म्हणून सारे वाचले.

अपघात घडला की दोषी सापडतो. टळला तर पुरावाच उरत नाही. मग प्रत्येक भीतीला सावधगिरी म्हणावे काय? तसेही नाही. २०१० मध्येच 'राख म्हणजे उड्डाण नाही' हा नियम सोडून राखेच्या प्रमाणाची मर्यादा ठरविली गेली. सावधगिरीलाही माप हवे, आणि माप ठरवायला अभ्यास हवा.

मीही आता ओढ्याचे पाणी पाहून मगच सुट्टी देतो. तरीही चूक होणारच. पण बुडालेला तास रविवारी भरून काढता येतो, बुडालेले मूल परत येत नाही.