शिळे कोणाला म्हणावे?

आमच्या एका मावससासूबाईंना आमच्या घरी यायला फार आवडते, पण आमच्या घरी जेवायला आवडत नाही. शीतकपाटाच्या वरच्या खणात त्यांनी एकदा डोकावून पाहिले आणि तेथे रचलेले वरणाचे, उसळीचे, वाटणाचे डबे, वर चिकटवलेल्या तारखांसकट, त्यांच्या दृष्टीस पडले. “अगं, महिन्यापूर्वीचं शिळं पोरांना खायला घालतेस?” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते, उत्तर देता आले असते. त्यात काळजी होती, आणि म्हणून तो प्रश्न काही केल्या मनातून जाईना.

आमचे घर सहा माणसांचे. मुलगा आणि सून सकाळी साडेसातला बाहेर पडतात ते रात्री आठला परततात. नातवंडांना शाळा, शिकवणी, खेळ. रात्री सगळी एकदम भुकेली होऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहतात, तेव्हा ‘आता काय करू?’ या प्रश्नाला एकतर बाहेरून मागवलेले काहीतरी हे उत्तर असते, नाहीतर वरच्या खणातला डबा. रविवारी सकाळी आमच्याकडे दोन मोठी पातेली चढतात; त्यातले निम्मे त्या दिवशी संपते आणि उरलेले गोठते. यात नीतीचा प्रश्न कोठे आला, असे वाचक विचारतील. मलाही आधी तो दिसला नव्हता.

मावससासूबाईंच्या बाजूने साक्ष द्यायला प्रत्यक्ष भगवद्गीता उभी आहे. सतराव्या अध्यायात शिजवून प्रहर उलटलेले, रस गेलेले, शिळे अन्न तामस माणसाला प्रिय असते, असे सांगितले आहे. प्रहर म्हणजे तीन तास. या मापाने सकाळी सातला भरून दुपारी एकला उघडलेला प्रत्येक डबा तामसच ठरतो, आणि मुंबईचे डबेवाले रोज गावभर तमोगुण वाटत फिरतात असे म्हणावे लागेल. पण शास्त्रकार आपल्याला वाटतात तितके अव्यवहारी नव्हते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शिळ्या अन्नाला एक सवलत दिली आहे: ज्यात स्नेह आहे ते शिळे झाले तरी खावे. येथे स्नेह म्हणजे तेलतूप. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मावससासूबाईंना ऐकवून गप्प करावे असा मोह मला झाला होता. पण श्लेषावर संसार चालत नाही, आणि आमटी तर नाहीच नाही.

शिवाय शिळ्याची आपली चीड मोठी सोयीस्कर आहे. उन्हाळ्यात घातलेल्या कुरडया, सांडगे आणि पापड आपण वर्षभर खातो. लोणचे मुरले नाही तर नाक मुरडतो. श्रावणात शिळासप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचे खातो आणि त्याला व्रत म्हणतो. हा अंक हाती घेऊन तुम्ही जी चकली मोडत असाल तीसुद्धा चार दिवसांपूर्वी तळलेली असण्याचा संभव आहे. तिला कोणी शिळी म्हणत नाही. कारण सरळ आहे. अन्न नासवणाऱ्या जंतूंना पाणी लागते, आणि ते आपण उन्हाने, मिठाने, साखरेने किंवा कढईने त्यांच्यापासून काढून घेतलेले असते. गोठवणे ही त्याच युक्तीची धाकटी बहीण आहे. येथे पाणी जात नाही, जागच्या जागी कुलपात पडते. शून्याखाली १८ अंशांवर जंतू वाढत नाहीत. मात्र ते मरतातच असे नाही; डबा कोमट झाला की उठून कामाला लागतात. म्हणून गरम पातेले दोन तासांच्या आत निववून डब्यांत भरायचे, वितळवायचे ते ओट्यावर नव्हे तर शीतकपाटाच्या खालच्या खणात, नीट उकळी आणायची, आणि एकदा वितळलेले पुन्हा गोठवायचे नाही. एवढे पाळले तर महिन्यापूर्वीचे वरण हे रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातापेक्षा कितीतरी निर्धोक असते.

क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाचा एक अमेरिकन १९१२ च्या सुमारास लॅब्राडोरला गेला होता. तेथले लोक बर्फाखालून मासा काढीत, आणि बोचऱ्या वाऱ्यात तो पाहता पाहता दगडासारखा होई. पुढे केव्हाही शिजवला तरी चव ताज्याची. हळूहळू गोठले की पाण्याचे मोठे स्फटिक होतात आणि अन्नाच्या पेशी फाडतात. झटकन गोठले की स्फटिक बारीक राहतात, एवढेच त्यातले मर्म. घरच्या खणाला लॅब्राडोरचा वारा नाही, म्हणून डबे लहान आणि उथळ घ्यावेत. बटाटा येथे हटकून दगा देतो. वितळला की रवाळ आणि पाणचट होतो, फक्त कुस्करून घातलेला तेवढा निभावतो. दह्याची कढी फुटते. राजमा, छोले, मटकीची उसळ यांचे काहीच बिघडत नाही. कांदाखोबऱ्याचे वाटण बर्फाच्या साच्यात घालून ठेवले की हवे तेवढे खडे काढता येतात. पुरणपोळ्यांच्या मध्ये कागद घातला तर त्या एकेक सुटतात आणि तव्यावर तुपाच्या धारेबरोबर पुन्हा शहाण्यासारख्या वागतात. वरण गोठवावे, फोडणी मात्र ताजी द्यावी; घरात शिरताना मोहरीचा तडतडाट ऐकू आला की माणसाला जे वाटते ते कोणत्याही डब्यात भरता येत नाही.

तेव्हा आरोग्याचा मुद्दा मिटला. पण मावससासूबाईंच्या शब्दांत आरोग्याहून जुने काहीतरी होते, आणि ते माझ्या ध्यानात आले ते लहानपणची पंगत आठवल्यावर. आमच्या घरी शिळे नव्हते असे थोडेच होते! रोज होते. फक्त ते पंगतीला वाढले जात नसे. गरम पोळी तव्यावरून वडिलांच्या आणि काकांच्या पानात पडे, मग आम्हा मुलांच्या. आणि दुपारी दीड वाजता आई नि काकू कालची भाकरी ताकात कुस्करून, कालच्याच भाजीशी खात बसत. अन्न टाकू नये हा धर्म होता, तो पाळायचे काम मात्र घरातल्या अर्ध्याच माणसांकडे होते. ताज्या अन्नाचे कौतुक करणारे आम्ही सगळे त्यांच्या शिळ्यावर पोसलेलो आहोत. गोठवलेल्या डब्याचा मला वाटणारा मोठा गुण असा की तो सगळ्यांना एकाच तारखेचे जेवू घालतो. मुलाच्या पानात आणि सुनेच्या पानात एकाच रविवारची उसळ असते, आणि दोघे एकाच वेळी बसतात.

हे मी मोठ्या अभिमानाने सूनबाईंना सांगितले. ती हसली आणि म्हणाली, “आई, डब्यावर तारीख आहे हे ठीक. पण तो रविवार कोणाचा होता, ते कुठे लिहिलंय?”

बोलणे खरे होते. ताज्या स्वयंपाकात निदान करणारी समोर दिसते. तिचा घाम, तिची घाई, हाताला बसलेला चटका हे सारे जेवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते, आणि त्याची त्याला थोडी तरी लाज वाटू शकते. गोठवलेल्या डब्यात श्रमही गोठतात. बुधवारी रात्री जेवणाऱ्याला ते आयते, जणू शीतकपाटानेच रांधलेले वाटते. बाहेरून मागवलेल्या जेवणाचा हाच दोष आपण सांगतो. घरचे ते घरचे का, तर ते कोणी केले हे आपल्याला ठाऊक असते म्हणून. ते ठाऊक असणेच नाहीसे झाले तर नुसत्या गोड्या मसाल्याने अन्नाला घरपण येणार नाही.

तेव्हापासून आमच्याकडे डब्यावर तारखेखाली नावही लिहितात. याचा परिणाम मला वाटला होता त्याहून निराळा झाला. चार आठवडे सगळ्या डब्यांवर आम्हा दोघींचीच नावे पाहून पाचव्या रविवारी मुलगा न बोलावता कांदे चिरायला बसला. मोठ्या नातवाच्या नावाचा एक राजमा झाला. मीठ कमी होते. धाकट्याने ते नाव वाचूनच बोलून दाखवले.

या नावावरून शेजारचे एक गृहस्थ आठवतात. त्यांची पत्नी अचानक गेली. तेरावे झाल्यावर एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि बराच वेळ इकडचेतिकडचे बोलून त्यांनी विचारले, “वहिनी, पुरणपोळ्या किती दिवस टिकतात?” खणात तिने केलेल्या सहा पुरणपोळ्या होत्या, दोनदोनच्या तीन पुड्या. मी म्हटले, चवीला दोनतीन महिने. त्यानंतरही वीज अखंड राहिली तर नासायच्या नाहीत, नुसत्या कोरड्या पडत जातील. त्यांना हे उत्तर पुरले नाही, हे मला दिसत होते. खाल्ल्या तर संपतील आणि ठेवल्या तर ज्यासाठी तिने केल्या ते होणार नाही, यातले काय करावे हे त्यांना विचारायचे होते, आणि तसे ते विचारू शकत नव्हते. मी इतकेच म्हणाले की पोळी तव्यावर टाकताना गॅस बारीक ठेवा.

मुलगी आली तेव्हा त्यांनी दोन पुड्या काढल्या. बापलेकींनी चार पोळ्या खाल्ल्या. तिसरी अजून आहे, असे परवा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले. तिच्यावर तारीख आहे आणि खाली बायकोच्या अक्षरात लिहिले आहे: ‘यांना, गूळ कमी.’