शिकवणारं कुणी नसलेलं रान

ओरांगउटानचं पिल्लू पकडायचं तर आधी त्याची आई मारावी लागते, कारण जिवंतपणी ती त्याला सोडत नाही. बोर्निओत पाम तेलाच्या मळ्यांसाठी जंगलं तुटली, १९९७-९८ आणि २०१५ मध्ये आगी लागल्या. भुकेल्या माद्या मळ्यांत उतरल्या, मारल्या गेल्या आणि पिल्लं बाजारात गेली. जगात सर्वांत जास्त पाम तेल आयात करणारा देश आपला आहे. फरसाणाची पुडी फोडताना मला हा विचार टाळता येत नाही.

ओरांगउटानची मादी सात-आठ वर्षांतून एकदा विते. सस्तन प्राण्यांत दोन बाळंतपणांमधलं एवढं अंतर क्वचितच आढळतं. तेवढी वर्षं पिल्लू तिच्या अंगाखांद्यावर राहून शेकडो झाडं ओळखायला शिकतं. सुमात्रात सुआक बालिंबिंगच्या दलदलीत ओरांगउटान काडी वापरून नेसियाच्या फळातली खुपणाऱ्या केसांत दडलेली बी काढतात. नदीपलीकडेही तीच फळं आहेत, पण तिथल्यांना ही युक्ती येत नाही. म्हणजे ज्ञान रक्तातून उतरत नाही, आईच्या हाताकडे बघून येतं. आई मेली की एक जीव जातो, शिवाय पिढ्यान्‌पिढ्यांची शिदोरीही जाते. पोरकेपणाचा हा दुसरा अर्थ मला अधिक भयंकर वाटतो.

ही शिदोरी माणसाला पुन्हा बांधून देता येईल? बार्बरा हॅरिसन यांनी बोर्निओतल्या सारावाकमध्ये जप्त झालेली पिल्लं आपल्या घरी वाढवली. अशा पिल्लांसाठी १९६४ मध्ये साबाहमधलं सेपिलोक हे केंद्र सुरू झालं, तर १९९९ मध्ये मध्य कालिमांतानात न्यारू मेंतेंग. न्यारू मेंतेंगला सांभाळणाऱ्या बायका पिल्लांना रोज जंगलात नेतात. वाळवीचं वारूळ फोडून दाखवतात, रबरी साप टाकून घाबरायला शिकवतात, जमिनीवर रेंगाळणाऱ्याला झाडावर पिटाळतात. सर्वांत अवघड धडा निजण्याच्या घरट्याचा. फांदी वाकवून दुबेळक्यात दाबायची, पायाखाली धरायची, तिच्यावर दुसरी आडवी घालायची, मग पानांच्या डहाळ्या मोडून वर अंथरायच्या. पिल्लाची पहिली घरटी अंगाखालीच विसकटतात. झाडाच्या शेंड्याशी जाऊन हे दाखवणं कोणत्याच बाईला शक्य नाही. तिथून पुढे ती पिल्लं एकमेकांकडे बघूनच शिकतात.

त्या बायकांच्या कुशीशिवाय पिल्लू तगत नाही, आणि तीच सवय टिकली तर रानात पहिल्या शिकाऱ्याजवळही ते विश्वासाने जाईल. म्हणून आधी भरभरून द्यायचं आणि नंतर जाणूनबुजून दूर व्हायचं. फोटोसाठी पिल्लाला कडेवर घेणाऱ्या पर्यटकांविषयी मला सहानुभूती नाही. आपला खोकला, आपला क्षय पिल्लांना सहज जडतो.

याच रोगांच्या भीतीने इंडोनेशियात केंद्रांत वाढलेल्या जनावरांना जिथे रानटी ओरांगउटान आहेत अशा जंगलात सोडत नाहीत. नियम योग्यच आहे. पण त्यामुळे ज्या रानात ती जातात तिथे फळांचे हंगाम ठाऊक असलेली, अनुभवी मादी एकही नसते. मध्य कालिमांतानातल्या बुकित बातिकापच्या जंगलात २०१२ पासून अशी जनावरं सोडली गेली आणि त्यांतल्या काही माद्या तिथे व्यायल्या. त्यांची पिल्लं आता आईकडून जे शिकतात त्यात थोडं त्या बायकांनी दाखवलेलं आहे, थोडं पोरक्या सवंगड्यांकडून उचललेलं, बाकीचं उपाशीपोटी एकटीने शोधलेलं. त्या रानाची स्वतःची परंपरा उभी राहते का, हे कळायला या पिल्लांची पिल्लं मोठी व्हावी लागतील, आणि तोवर ते जंगल कुणी तोडता कामा नये.