दुसरी चूल

भाऊ वेगळा निघाला हे आमच्याकडं भिंत बघून कोणी ठरवत नाही. भिंत मागाहून येते, कधी येतच नाही. चुली दोन झाल्या की घरं दोन झाली. जनगणनेला येणारे गुरुजीसुद्धा दारात उभं राहून तेच विचारतात, स्वयंपाक एकत्र का वेगळा? माझी लेक अमेरिकेत कॅलिफोर्नियाला असते. तिच्या सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या विहीणबाईंच्या खोलीचं प्रकरण ऐकलं तेव्हा कळलं, तिकडचा कायदाही चुलीपाशीच येऊन अडतो.

तिकडं वस्तीचे भाग आखलेले असतात. बऱ्याच भागांत नियम असा, की एका प्लॉटवर एकच घर आणि घरात एकच कुटुंब. अशी आखणी करायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९२६ साली मोकळीक दिली. तो खटला ओहायो राज्यातल्या युक्लिड या गावचा. आता घरामागं आईसाठी खोली काढायची म्हटली तर अनेक गावांत खोलीला हरकत नसायची, मोरीला नसायची, फ्रिजलाही नसायची. शेगडी आली की मात्र ते दुसरं घर, आणि दुसऱ्या घराला मनाई. म्हणजे आईनं झोपावं, अंघोळ करावी, पण चहा लेकाच्या घरात येऊन प्यावा.

शेजाऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. आज आई राहील, उद्या भाडेकरू येईल. रस्त्यावर गाड्या वाढतील, गटारावर ताण येईल. आमच्या गल्लीत पागोळ्यांचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं यावरून दोन पिढ्या अबोला धरलेली घरं आहेत, तेव्हा शेजाऱ्याला हसायचा अधिकार मला नाही. पाणी, गटार, दोन भिंतींतलं अंतर यावर नियम पाहिजेतच. पण घरात कोण राहावं आणि कुणी कुठं रांधावं, हे शेजाऱ्यानं सांगायचं का?

एका आजीला हे फार महागात पडलं. इनेझ मूर तिचं नाव, गाव ईस्ट क्लीव्हलँड, तेही ओहायोतलंच. घरात मुलगा आणि दोन नातू. नातू एकमेकांचे चुलतभाऊ. एकाची आई तो तान्हा असतानाच गेली, म्हणून आजीनं त्याला आपल्याकडं आणलं. गावच्या नियमातली कुटुंबाची व्याख्या अशी, की एका लेकाचं पोर घरचं ठरलं आणि दुसऱ्या लेकाचं परकं. त्याला घराबाहेर काढलं नाही म्हणून आजीला पाच दिवसांची कैद आणि २५ डॉलर दंड! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७७ साली निकाल आजीच्या बाजूनं लागला, पण पाच विरुद्ध चार. चार न्यायाधीशांना तेव्हाही गावचा नियम मोडावासा वाटला नाही.

आपल्याकडं नगरपालिका असं विचारत नाही, म्हणून फुशारकी मारायचं कारण नाही. माझ्या ओळखीत दोन म्हाताऱ्या आहेत, दोघींची चूल पडवीत. एकीच्या लेकांनी महिन्या-महिन्याची पाळी लावली, मग पाळीचाही कंटाळा आला, आणि वर्षाला पोतंभर ज्वारी ठरवून तिला वेगळं काढलं. दुसरीनं स्वतः चूल मागून घेतली. सुनेकडं मागून खायचं नाही, मन होईल तेव्हा पिठलं टाकीन, म्हणाली. बाहेरून बघाल तर दोन्ही पडव्यांतनं धूर सारखाच निघतो. टेप घेऊन आलेल्या साहेबाला त्यातला फरक दिसायचा नाही. चूल मागितली का माथी मारली, हे त्या घरालाच ठाऊक, आणि घर नेहमी खरं सांगतंच असंही नाही. म्हणून साहेबानं टेपनं अंतर मोजावं. चुलीचं त्या बाईला विचारावं, तेही लेकासमोर नको.

कॅलिफोर्नियानं आता नियम बरेच सैल केलेत. २०२० पासून बाजूला आणि मागं चार-चार फूट जागा सोडली तर ८०० चौरस फुटांपर्यंतचं छोटं घर, स्वयंपाकघरासकट, बांधता येतं. प्लॉट लहान म्हणून नगरपालिका ते अडवू शकत नाही, आणि पुऱ्या अर्जाचा निकाल ६० दिवसांत द्यावा लागतो. जावयानं गॅरेजची खोली केली. विहीणबाई वर्षातले सहा महिने तिथं असतात. सून चांगली आहे, पण पहाटे पाचला चहा लागतो आणि त्यासाठी कुणाची झोप मोडायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

आता त्या इकडं असतात ते सहा महिने खोली भाड्यानं द्यावी, असं जावयाच्या मनात आलंय. पलीकडचा शेजारी म्हणाला असेल, बघा, मी म्हणत नव्हतो? भाडं घेण्यात मला गैर दिसत नाही, घराचे हप्ते त्यालाच फेडायचेत. लेकीला फोनवर एवढंच सांगितलं, आधी सासूबाईंना विचार, आणि भाडेकरू ठेवलाच तर त्यांचा तवा आणि चहाचं पातेलं तेवढं तुझ्याकडं नेऊन ठेव.